कामावर माणूस गेला तर: भरपाई, मालकाची जबाबदारी आणि कोर्टाचे रस्ते – पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ इथून आणि शहरातल्या बांधकामांवरून हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. फोन बहुतेक वेळा दहाव्या ते तेराव्या दिवसाच्या दरम्यान येतो आणि करणारा असतो मयताचा मेहुणा नाहीतर चुलतभाऊ. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. या विषयातली दारं एकमेकांना जोडलेली आहेत, एक उघडलं की दुसरं बंद होतं. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी निदान प्रश्न २, ४, ६ आणि ७ वाचा.

१. मालक म्हणतो, "त्याच्याच चुकीनं झालं." मग भरपाई मिळणार का? कंपनीची चूक आम्हाला सिद्ध करावी लागेल का?

भरपाईसाठी चूक सिद्ध करावी लागत नाही. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला तो याच तत्त्वावर: माणूस कामाला होता, अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, त्यात तो गेला, एवढं दाखवलं की मालक देणं लागतो. २०१० पर्यंत या कायद्याच्या नावात 'वर्कमन' हा शब्द होता. म्हणून लेबर कोर्टात आजही सगळे याला 'वर्कमनची केस' म्हणतात. (२१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या मृत्यूंसाठी प्रश्न १५ बघा.)

याची दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. चूक दाखवायची गरज नाही, त्या बदल्यात रक्कम बांधलेली असते. पगार आणि वय सूत्रात घातलं की आकडा येतो. मशीनचं गार्ड सहा महिने तुटलेलं होतं की कालच तुटलं, याने त्या आकड्यात एका रुपयाचा फरक पडत नाही. घरच्यांना हेच सगळ्यात जास्त खुपतं. चुकीचा हिशेब वेगळ्या ठिकाणी होतो (प्रश्न ६ आणि १२).

२. आमच्या माणसाला ईएसआय होतं की नव्हतं, हे कसं कळणार? आणि त्याने काय फरक पडतो?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. सगळा फरक त्यानेच पडतो, म्हणून आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो. पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' नावाची छोटी कपात दिसते का बघा. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे कापतात आणि ३.२५ टक्के मालक भरतो. स्लिप नसेल तर पाकिटात किंवा मोबाईलमध्ये विमा क्रमांक शोधा. तोही नसेल तर बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात आधार क्रमांक देऊन चौकशी करता येते.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल (अपंग कामगाराला २५,०००), तर साधारणपणे ईएसआय लागू होतं. पगार त्याच्या वर असेल किंवा जागाच ईएसआयखाली येत नसेल, तर १९२३ चा कायदा.

एक फसवी परिस्थिती वारंवार दिसते. ईएसआय लागू असतं, पण मालकाने नाव नोंदवलेलंच नसतं. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवरच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली, तेव्हा मृतांत बहुतेक बायका होत्या. तसल्या शेड पिंपरी-चिंचवडच्या आसपास गल्लोगल्ली आहेत. तिथे हजेरीपुस्तक असलं तरी नशीब. पण कायद्याच्या नजरेत ज्याची वर्गणी *भरायला हवी होती* तोही विमाधारकच. त्याच्या वारसांना लाभ देऊन ईएसआय महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, पहिल्या दिवशी गेलेल्या माणसालाही संरक्षण आहे. तेव्हा "नाव घातलं नव्हतं, त्यामुळे काही मिळणार नाही" हे मुकादमाचं म्हणणं सोडून द्या.

३. ईएसआय असेल तर विधवेला नक्की किती मिळतं?

एकरकमी नाही, दरमहा मिळतं. त्याला अवलंबितांचा लाभ म्हणतात. रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के हा पूर्ण दर. त्यातला तीन पंचमांश पत्नीचा आणि प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश. बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात.

रोजचा सरासरी पगार ६०० रुपये धरा. पूर्ण दर ५४० रुपये. पत्नी आणि दोन मुलं असतील तर बेरीज सात पंचमांश होते, म्हणून ५४० चे सात वाटे करायचे: पत्नीला तीन, म्हणजे २३१ रुपयांच्या आसपास, आणि प्रत्येक मुलाला दोन, म्हणजे १५४ च्या आसपास. घरात महिन्याला १६,२०० रुपये येतात. पत्नीला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलाला २५ वर्षांपर्यंत, मुलीला लग्न होईपर्यंत. अंत्यसंस्काराचा खर्च १५,००० रुपयांपर्यंत वेगळा.

लोकांना एकरकमी चेक दिसतो आणि ही पेन्शन क्षुल्लक वाटते. प्रश्न ५ मधल्या तिशीतल्या कामगाराचे साडेपंधरा लाख सात टक्क्यांनी ठेवीत घातले, तर महिन्याला नऊ हजारांच्या आसपास व्याज येतं. तरुण विधवा, लहान मुलं, माहेरचा आधार नाही, अशा घराला ईएसआय पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं. शिवाय ठेव दिरांच्या धंद्यात जाते, पेन्शन तिच्या खात्यात येते. हे आमचं मत आहे, कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही.

४. ईएसआय आहे, पण कंपनीचा हलगर्जीपणा उघड दिसतोय. मालकावर वेगळी भरपाईची केस टाकता येईल ना?

नाही. प्रश्नपत्रिकेतलं सगळ्यात कडू उत्तर हेच आहे. ईएसआय कायद्याचं कलम ५३ सांगतं की विमाधारकाला किंवा त्याच्या वारसांना कामावरच्या इजेबद्दल १९२३ च्या कायद्याखाली किंवा दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली भरपाई वसूल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'वर्कमनची केस' आणि १९९७ मध्ये दिवाणी कोर्टातला नुकसानीचा दावा, दोन्ही या कलमाने अडतात असं ठरवलं. वर्गणी भरून मालकाने ती जबाबदारी महामंडळाच्या खांद्यावर दिलेली असते. हलगर्जीपणा कितीही मोठा असला तरी या दारातून आत जाता येत नाही.

पण 'सगळंच बंद' असं समजू नका. हे चालू राहतं:

पीएफ, पीएफची कुटुंब पेन्शन, आणि पीएफला जोडलेला ईडीएलआय विमा (७ लाखांपर्यंत). मृत्यू कशाने झाला हा प्रश्नच इथे येत नाही. ग्रॅच्युइटी, जिला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही. कंपनीने काढलेला गट अपघात विमा. आणि फौजदारी कारवाई, तिला कलम ५३ आडवं येत नाही (प्रश्न १२).

अपघात तिसऱ्याच माणसाच्या वाहनाने झाला असेल तर मामला गुंतागुंतीचा होतो. कलमात 'मालकाकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून' असे शब्द आहेत आणि विमा कंपन्यांचे वकील नेमकं त्यावर बोट ठेवतात. उच्च न्यायालयांनी यावर एका सुरात निकाल दिलेले नाहीत. रस्त्यावरचा अपघात असेल तर ईएसआयचा अर्ज भरण्याआधी मोटार अपघाताच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला एकदा विचारा.

५. ईएसआय नसेल तर रक्कम कशी काढतात?

महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी तो जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ही मर्यादा ८,००० होती). त्यामुळे पगार पंधरा हजार किंवा वर असेल तर निम्मा म्हणजे ७,५०० आणि पुढे फक्त वय बदलतं. वय म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षं.

वय ३०, गुणक २०७.९८: १५,५९,८५० रुपये.
वय ४०, गुणक १८४.१७: १३,८१,२७५ रुपये.
वय ५०, गुणक १५३.०९: ११,४८,१७५ रुपये.

आकडा १,२०,००० च्या खाली येत असेल तरी किमान तेवढे द्यावेच लागतात. विमा कंपनी वय दोन-चार वर्षांनी वाढवून धरते, असा अनुभव आहे. आधारवर नुसतं १ जानेवारी छापलेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला शोधा, त्याने लाखभराचा फरक पडू शकतो.

६. ईएसआय नाही. मग वर्कमनची केसही टाकू आणि दिवाणी कोर्टात मोठा दावाही लावू, चालेल?

दोन्ही नाही. १९२३ च्या कायद्याचं कलम ३(५) एक निवडायला लावतं. आयुक्तांपुढे (पुण्यात हे काम लेबर कोर्टाचे न्यायाधीश पाहतात) अर्ज केला की त्या इजेबद्दल नुकसानीचा दिवाणी दावा चालत नाही. दिवाणी दावा आधी लावला असेल तर आयुक्तांपुढचा हक्क राहत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या बाबतीतही तसंच, मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ एकच रस्ता निवडायला सांगतं.

बहुतेक कामगारांसाठी लेबर कोर्टच बरं. चूक सिद्ध करावी लागत नाही आणि रक्कम ठरलेली असते. पण चाकणच्या प्लँटमधला मेंटेनन्स इंजिनिअर घ्या. वय ३४, पगार ९० हजार, दोन मुलं, गॅसच्या लाइनवर काम करताना स्फोटात गेला. वर्कमनच्या सूत्रात त्याचा पगार १५ हजारच धरला जाणार. दिवाणी कोर्टात खऱ्या पगारावर, त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कमाईवर हिशेब होतो, आकडा कित्येक पटींनी मोठा निघू शकतो. फक्त तिथे कंपनीचा निष्काळजीपणा कागदोपत्री दाखवावा लागतो, कोर्ट फी लागते आणि वर्षं जातात. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालच्या अशा दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे.

ही निवड घाईत होते, ती थांबवा. कंपनीचा वकीलच "आम्हीच अर्ज करून देतो, तुम्ही फक्त सही करा" म्हणाला, तर तो नक्की कुठल्या दारात अर्ज टाकतोय ते आधी बघा. अपघाताच्या दुसऱ्या आठवड्यात लेबर कोर्टात केलेल्या एका सहीने पुढचा मोठा दावा बुडाल्याची उदाहरणं आहेत.

७. कंपनीने पाच लाखांचा चेक दिला आणि स्टॅम्प पेपरवर "यापुढे कोणताही क्लेम नाही" असं लिहून घेतलं. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. मृत्यूच्या बाबतीत १९२३ चा कायदा सांगतो की भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून मोजलीच जात नाही. मालकाला मयताच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वारसाला देता येते आणि तेवढीच नंतर वळती होते. आणि कामगाराने किंवा वारसाने हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल ठरतो. नोटरीचा शिक्का असला तरी, सरपंच साक्षीदार असला तरी.

मग मालक हा कागद करून का घेतात? कारण बहुतेक कुटुंबं तो पाहून गप्प बसतात. चेक वटवलात म्हणून हक्क गेला असं नाही. तरी चेकच्या पावतीवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा.

ईएसआय असलेल्या घरात असा चेक आला तर तो कंपनीची मर्जी समजून घ्या. त्याने ईएसआयचा लाभ थांबत नाही.

८. तो ठेकेदाराचा माणूस होता. कंपनी म्हणते, "आमचा काही संबंध नाही." ठेकेदार फोन उचलत नाही.

कंपनीचा संबंध आहे. धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, जणू तो त्याचाच कामगार होता. नंतर मालकाने ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं ते बघतील. वारसाने ठेकेदाराला शोधत बिहारला किंवा बीडला जायची गरज नाही. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

अट एक आहे: अपघात मालकाच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असावा. ईएसआयमध्येही ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाचीच. साखळी लांब असेल, म्हणजे बिल्डर, त्याचा मुख्य ठेकेदार, त्याचा सेंटरिंगवाला आणि मग मुकादम, तर सगळ्यांची नावं घाला. कोर्टात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, पण तुमची रक्कम त्यात अडता कामा नये.

९. मजूर परराज्यातला. हजेरी नाही, पगार रोख. पुरावा कुठून आणायचा? आणि केस पुण्यातच चालवायची का?

पुण्यातच असं बंधन नाही. अपघात जिथे झाला तिथे, वारस जिथे राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे, तीनपैकी कुठेही अर्ज करता येतो. कटिहारच्या विधवेला तारखांसाठी पुण्याला यायची गरज नाही. हे तिला कुणी सांगत नाही आणि एक-दोन तारखा चुकल्या की केस निकालात काढली जाते.

पुराव्याबाबत: पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद किंवा एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, ससून किंवा वायसीएम रुग्णालयातला शवविच्छेदन अहवाल. पंचनाम्यात "अमुक साइटवर परांचीवरून पडून" एवढं वाक्य असेल तर निम्मं काम झालं, म्हणून तो लिहिला जात असताना जवळचं कुणीतरी तिथे असू द्या. मग गेटपास, साइटवर काढलेले फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅप निरोप, यूपीआयने आलेली उचल. सोबत काम करणाऱ्यांचे गावाकडचे नंबर लगेच घ्या. महिनाभरात ती मंडळी सुरतेला नाहीतर हैदराबादला गेलेली असतात.

माणूस मेला त्या क्षणी हातात थापी असायलाच हवी असंही नाही. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. ते झोपले होते. साइटला लागून मालकाने दिलेल्या खोलीत राहणं हा कामाच्याच व्यवस्थेचा भाग होता, असा मुद्दा मांडता येतो. कामाची जागा आणि वेळ थोडी ताणून धरण्याचं तत्त्व कोर्टांनी मान्य केलेलं आहे.

मजुराची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असेल तर मंडळाची मदत वेगळी मिळते. ती भरपाईतून वजा होत नाही.

१०. कामावर जाताना नाशिक फाट्यावर डंपरने उडवलं. हा 'कामावरचा' अपघात धरतात का?

पूर्वी बहुतेक वेळा धरत नसत. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये तरतूद आली: घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच. १९२३ च्या कायद्यात तसे शब्द नव्हते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात तोच अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लावला. तो २००३ मध्ये पहाटेच्या ड्यूटीला मोटारसायकलवरून निघाला होता. बावीस वर्षांनी त्याच्या घरच्यांना न्याय मिळाला.

'संबंध' या शब्दावर सगळं अडतं. शिफ्ट सहाची, माणूस साडेपाचला नेहमीच्या रस्त्यावर, तर ठीक. ड्यूटी सुटल्यावर मित्राच्या हळदीला जाऊन रात्री अकराला परतताना झालेला अपघात यात बसवणं कठीण. ईएसआय नसेल आणि दुसऱ्या वाहनाची चूक असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची रक्कम पुष्कळदा जास्त निघते. निवड कशी करायची ते प्रश्न ६ मध्ये.

११. बेल्ट लावला नव्हता, वर दारू प्यायला होता असं कंपनी म्हणते. आणि साइटवर हार्ट अटॅकने गेला तर?

दारू, मुद्दाम नियम मोडणं, मुद्दाम गार्ड काढणं, हे बचाव कायद्यात आहेत, पण मृत्यू झाला असेल तर ते मालकाला वापरता येत नाहीत. लहान इजेला लागू, मृत्यूला नाही. शवविच्छेदनात अल्कोहोल आलं म्हणून घरचे खचून जातात आणि कंपनी त्याचाच फायदा घेते. अपघात कामाच्या ओघात झाला का, एवढाच प्रश्न उरतो.

हार्ट अटॅकचं प्रकरण खरंच कठीण. कामावर असताना गेला एवढं पुरत नाही, कामाच्या ताणामुळे गेला हे दाखवावं लागतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या क्लीनरच्या घरच्यांना याच कारणाने नाकारलं. २०१२ मध्ये हजारावर किलोमीटर ट्रक चालवून आलेल्या चालकाच्या बाबतीत मान्य केलं. तेव्हा आधीच्या आठवड्याच्या शिफ्ट, डबल ड्यूटी, भट्टीजवळचं काम, आधी केलेली तक्रार, हे सगळं गोळा करा. ऑफिसातल्या कामाच्या ताणाबद्दल हल्ली बरेच तरुण विचारतात. रात्री दोनच्या ईमेल आणि लॉगइनच्या नोंदी जपून ठेवा. कंपनीचा लॅपटॉप परत देण्याआधी.

१२. पण मालकाला शिक्षा होणार की नाही?

भरपाई आणि शिक्षा या दोन वेगळ्या वाटा. पैसे दिल्याने गुन्हा पुसला जात नाही.

पोलीस बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लावतात: निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुनं ३०४-अ, तिथे दोन वर्षं. आरोपी म्हणून सुपरवायझर किंवा सेफ्टी ऑफिसरचं नाव येतं आणि मालक बाजूला राहतो. इथे कारखान्यांसाठीचा कायदा कामी येतो. कंपनीचा 'ऑक्युपायर' (कारखान्यावर अंतिम ताबा असणारा) हा तिच्या संचालकांपैकीच एक असावा लागतो, जबाबदारी खालच्या मॅनेजरवर ढकलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये पक्कं केलं. ही केस पोलीस नव्हे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय दाखल करतं. म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टर. त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत नियमभंगामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निदान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं.

कलम १०६ चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. "एफआयआर मागे घ्या, मग चेक देतो" हे वाक्य ऐकलंत तर समजा की समोरच्याला गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात तुमच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र हवंय. ते द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण भरपाईच्या बदल्यात नको. ती तुमच्या हक्काचीच आहे.

१३. पैसे कुणाला मिळतात? आईला की बायकोला? पीएफमध्ये नॉमिनी भाऊ आहे.

नॉमिनीचा इथे उपयोग नाही. १९२३ च्या कायद्याची स्वतःची यादी आहे. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना काहीही सिद्ध करावं लागत नाही. वडील, अज्ञान भाऊ, अविवाहित बहीण वगैरेंना आपण मयतावर अवलंबून होतो हे दाखवावं लागतं. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा धडधाकट मुलगा या यादीत बसत नाही, हे ऐकून लोक चिडतात. चिडण्यासारखंच आहे. ईएसआयमध्ये तोच मुलगा पंचविशीपर्यंत बसतो.

वाटा आयुक्त ठरवतात. सासू आणि सून एका वकिलाकडे आल्या तर निम्मा त्रास वाचतो. वेगवेगळे वकील झाले की रक्कम वर्षानुवर्षं कोर्टातच पडून राहते.

१४. किती वेळ लागतो? मालकाने पैसे भरलेच नाहीत तर?

अर्जाची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते. तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुण्यात किती लागतो, ते तारखांच्या यादीसमोर उभं राहिलं की कळतं. म्हणूनच व्याज महत्त्वाचं: भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते आणि महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के. प्रश्न ५ मधल्या तिशीतल्या कामगाराच्या रकमेवर चार वर्षांचं व्याज साडेसात लाखांच्या घरात जातं. अर्जात व्याजाची मागणी लिहायला विसरू नका.

विनाकारण टाळाटाळ झाली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तो विमा कंपनी नाही, मालकाने स्वतः भरायचा असतो. वसुली महसुलाच्या थकबाकीसारखी होते. अपिलात जायचं तर मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते.

१५. नवे लेबर कोड आल्यावर हे सगळं बदललं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या, त्यात सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ चा कायदा आणि ईएसआय कायदा दोन्ही आपल्या पोटात घेतले. चौकट तीच आहे: पगाराचे ५० टक्के गुणिले गुणक, आणि ईएसआयचं प्रकरण ज्याला लागू त्याला भरपाईचं प्रकरण लागू नाही. आयुक्तांऐवजी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. प्रवासातल्या अपघाताची तरतूद आता भरपाईच्या प्रकरणातही स्पष्ट शब्दांत आहे. त्या तारखेआधीच्या मृत्यूंना जुनाच कायदा. म्हणून इथे जुनी कलमं सांगितली आहेत, कोर्टातल्या बहुतेक फायली अजून त्यांच्यावरच चालतात.

१६. स्विगी-झोमॅटोच्या मुलाचं काय?

संहितेने 'गिग कामगार' ही व्याख्या आणली, अॅग्रीगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कल्याण निधीत द्यावेत असं म्हटलं. पण त्याला 'कर्मचारी' म्हटलेलं नाही, त्यामुळे वरची भरपाई त्याला आपोआप लागू होत नाही. तूर्त मोटार अपघात न्यायाधिकरण आणि अॅपमधला अपघात विमा, हेच दोन रस्ते. अॅपचं खाते बंद होण्याआधी पॉलिसीचा स्क्रीनशॉट घ्या.

१७. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गुदमरून गेला. त्याला वेगळा नियम आहे म्हणे?

आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात गेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख ठरवले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. माणसाला विनासाधन गटारात उतरवणं हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने मुळातच गुन्हा आहे. सोसायटीच्या खासगी सेप्टिक टँकमध्येही हा कायदा लागू होतो, हे सोसायटीच्या चेअरमनना सहसा माहीत नसतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा.

१८. मुलगा अमेरिकेत प्लँटवर काम करताना गेला. तिथे म्हणे करोडोंचे दावे होतात?

कोथरूड-बाणेरमधून हे फोन येतात. सिनेमात दिसतं तसं तिथे मालकाविरुद्ध होत नाही. बहुतेक राज्यांत 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' हाच एकमेव उपाय असतो, विमा भरणाऱ्या मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावता येत नाही. आपल्या कलम ५३ सारखंच. मोठे आकडे ऐकू येतात ते बहुधा तिसऱ्या पक्षाविरुद्धचे, उदाहरणार्थ मशीन बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध. नियम राज्याराज्याला वेगळे. टेक्सासमध्ये खासगी मालकाला हा विमा न घेण्याची मोकळीक आहे, आणि त्याने घेतला नसेल तर त्याच्यावर सरळ दावा चालतो. तेव्हा पहिला प्रश्न 'कुठलं राज्य' हाच विचारा, आणि वकील तिथलाच करा.

१९. आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू आहे. झुल्यावरचा माणूस पडून गेला तर आम्ही देणं लागतो का?

प्रश्न ८ मधली मुख्य मालकाची जबाबदारी धंद्यासाठी काम करून घेणाऱ्यावर आहे. स्वतःचा बंगला रंगवून घेणाऱ्या माणसाचा तो धंदा नव्हे, म्हणून भरपाईची जबाबदारी साधारणपणे रंगकाम ठेकेदाराची. सोसायट्याही हाच बचाव घेतात. पण गच्चीवरचा हूक गंजलेला होता किंवा उघडी वायर सोसायटीची होती, तर निष्काळजीपणाचा दिवाणी दावा आणि पोलीस केस दोन्ही होऊ शकतात. शिवाय ठेकेदार गायब झाला की वारस शेवटी सोसायटीच्याच गेटवर येतात, आणि माणुसकी म्हणूनही त्यांना परत पाठवणं जड जातं.

वर्क ऑर्डर देण्याआधी ठेकेदाराची 'वर्कमन पॉलिसी' मागा आणि तीवरची तारीख व कामगारसंख्या वाचा. सहा जणांची पॉलिसी आणि झुल्यांवर अकरा जण, हे आम्ही पाहिलेलं आहे.